धोका पत्करून हरलेल्याला कोण सावरणार? (प्रायोगिक अर्थशास्त्र, नवनिर्मिती आणि बांधिलकी)

अर्धविराम

नवीन काही शोधून काढायला माणसं कशानं प्रवृत्त होतात, हा एक प्रश्न. ज्याचं नशीब फिरलं त्याला बाकीचे किती सावरून घेतात, हा दुसरा. पहिल्यावर बोलणारे पेटंट, बक्षिसं, बोनस यांच्याबद्दल बोलतात. दुसऱ्यावर बोलणारे विमा, पेन्शन, बेकारभत्ता यांच्याबद्दल. सध्या हौस म्हणून प्रायोगिक अर्थशास्त्रातले पेपर वाचतोय आणि माझं मत असं होत चाललंय की हे दोन प्रश्न एकमेकांत पार गुंतलेले आहेत. म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: माणसांना संगणकासमोर बसवतात, खेळाचे नियम समजावून सांगतात आणि त्यांनी घेतलेल्या निर्णयांप्रमाणे खरे पैसे हातात देतात. शेजारचा कोण आहे हे सहसा कळू देत नाहीत. आणि सहभागी लोकांना फसवायचं नाही, हा या शाखेतला जवळजवळ धर्म आहे. मानसशास्त्रात तसं नसतं.

बांधिलकीवरचा (म्हणजे वरच्या दुसऱ्या प्रश्नावरचा, हरलेल्याला सावरण्याचा) गाजलेला प्रयोग राइनहार्ड झेल्टन आणि आक्सेल ओकेनफेल्स यांचा, १९९८ सालचा. (झेल्टन म्हणजे १९९४ च्या नोबेलमध्ये जॉन नॅश यांचे जोडीदार.) तिघांचा गट. प्रत्येकाला दोन-तृतीयांश शक्यतेनं १० मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) मिळणार, नाहीतर शून्य. निकाल लागण्याआधीच सांगायचं: मी जिंकलो आणि एकजण हरला तर त्याला किती देईन, दोघे हरले तर प्रत्येकी किती. ओळख नाही, परतफेड नाही, पुन्हा भेट नाही. फक्त स्वार्थ पाहणाऱ्यानं शून्य लिहावं. प्रत्यक्षात बहुतेकांनी काही ना काही दिलं: एकजण हरला तर सरासरी अडीच मार्कांच्या आसपास, दोघे हरले तर प्रत्येकी दीडच्या आसपास. गंमत म्हणजे बऱ्याच जणांनी एकूण त्यागाची रक्कम मनाशी आधीच ठरवलेली दिसते. हरणारे दोन झाले की तीच रक्कम दोघांत वाटली. म्हणजे समोरच्याची गरज किती यापेक्षा 'माझ्या खिशातून किती गेले' हा हिशोब पक्का.

आता या खेळात एक बदल करा. हरणं नशिबावर न सोडता खेळाडूलाच निवड द्या: खात्रीची छोटी रक्कम घे किंवा जुगार खेळ. असे प्रयोग नंतर झाले आणि स्वतःहून धोका घेऊन हरलेल्याच्या वाट्याला मदत कमी आली. 'कोणी सांगितलं होतं?' ही भावना प्रयोगशाळेतही तितकीच जिवंत आहे.

माझा मुद्दा इथेच सुरू होतो. नवीन काही करू पाहणारा माणूस कायम याच दुसऱ्या गटात असतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं. खात्रीचा पर्याय सोडून तो स्वतः गेलेला असतो. म्हणजे आपली उपजत बांधिलकी नेमकी जिथे संपते तिथे नवनिर्मिती सुरू होते.

कॅपेलन, कोनाउ, सोरेनसन आणि टुंगोडेन यांचा २०१३ चा अभ्यास यात आणखी एक पदर घालतो. त्यात आधी लोकांनी धोका घ्यायचा की नाही ते ठरवलं आणि मग पैशांची फेरवाटणी कशी व्हावी तेही ठरवलं. धोका घेऊन जिंकलेला आणि धोका घेऊन हरलेला यांच्यात वाटून द्यायला बरेच जण तयार होते. सावधपणे खेळलेल्याच्या खिशातून काढून धोका घेणाऱ्याला द्यायला मात्र फारसं कोणी राजी नव्हतं. मला हा निकाल फार अर्थपूर्ण वाटतो.

---

रिकामटेकडा

वाचतोय. खडूस येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

---

खडूस

आलो.

विद्यार्थ्यांना तासाभरासाठी चार पैसे देऊन बसवायचं आणि त्यावरून मानवजातीच्या सृजनशीलतेबद्दल निष्कर्ष काढायचे, याला माझा मूलभूत आक्षेप आहे. तो बाजूला ठेवला तरी तुमचा रोख कळला: सुरक्षा द्या म्हणजे लोक नवीन काही करतील. मला उलटं वाटतं. पोट भरलेलं असलं की माणूस आडवा होतो. अॅसेमोग्लू, रॉबिन्सन आणि व्हर्डिए यांनी २०१२ मध्ये मांडलंच होतं की अमेरिकेसारखी कठोर भांडवलशाही, जिथे जिंकलं तर घबाड आणि हरलं तर कोणी विचारत नाही, ती नवनिर्मितीत पुढे राहते. स्कँडिनेव्हियासारखे उबदार देश तिच्या शोधांवर आरामात जगतात. सगळेच उबदार झाले तर शोध लावणार कोण?

---

आकडेमोड

खडूसराव, ते सैद्धांतिक प्रारूप आहे. गृहीतकं मान्य केली तर तसं निघतं. प्रत्यक्षात तसं घडतं का, हा मोजून पाहायचा प्रश्न, आणि मोजमाप तुमच्या बाजूनं सरळसरळ जात नाही.

एडरर आणि मान्सो यांचा २०१३ चा प्रयोग घ्या. संगणकावर लिंबू सरबताचा स्टॉल चालवायचा, २० फेऱ्या. जागा, साखर, लिंबाचं प्रमाण, रंग, किंमत हे सगळं तुम्ही ठरवायचं. सुरुवातीला आधीच्या मॅनेजरचं पत्र मिळतं: मी अमुक जागी अमुक पद्धतीनं विकायचो, बरं चालायचं. ती पद्धत वाईट नाही, पण सर्वोत्तमही नाही. सर्वोत्तम दुसऱ्याच जागी आहे आणि तिकडे जाऊन चाचपडलं तर आधी तोटा होतो.

तीन गट केले. एकाला ठरावीक पगार. दुसऱ्याला सगळ्या फेऱ्यांच्या नफ्याचा निम्मा वाटा. तिसऱ्याला निम्मा वाटा, पण फक्त शेवटच्या १० फेऱ्यांतला. पहिल्या १० फेऱ्यांत कितीही आपटलात तरी कोणी विचारणार नाही. तिसरा गट सगळ्यात जास्त भटकला आणि सर्वोत्तम जागा शोधण्यातही तोच पुढे राहिला. दर फेरीला नफ्यावर मोजला जाणारा दुसरा गट जुन्या मॅनेजरच्या पद्धतीला चिकटून किरकोळ फेरफार करत बसला.

याचीच पुढची पायरी: पहिल्या टप्प्यात नफा ठरावीक रेषेच्या खाली गेला तर खेळ संपणार, अशी धमकी घातल्यावर शोधाशोध आटली. आणि काढून टाकल्यास भरपाई देऊ म्हटल्यावर ती पुन्हा वाढली.

आता तुमच्या 'आडवा होतो'बद्दल. पगारी गट खरंच थोडा आडवा झाला, हे मान्य. प्रयोग करायला त्याला मोकळीक होती, पण त्यातून सापडलेलं पक्कं करायला कारण नव्हतं. म्हणजे नुसती सुरक्षा पुरत नाही. पण दर पावलाला मोजमाप त्याहून वाईट.

---

टोचणी

मेणबत्तीचा प्रयोग कोणी कसा नाही आणला अजून? मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकरचं कोडं: मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेला खोका. मेणबत्ती भिंतीवर लावायची. उत्तर असं की टाचण्या ओतून टाका, रिकामा खोका भिंतीला ठोका आणि त्यात मेणबत्ती उभी करा. १९६२ मध्ये सॅम ग्लक्सबर्गनं काही जणांना सांगितलं की लवकर सोडवलंत तर रोख बक्षीस. बक्षीसवाल्यांना सरासरी साडेतीन मिनिटं जास्त लागली.

---

आकडेमोड

@टोचणी, याचा दुसरा अर्धा भाग भाषणांमध्ये नेहमी गळतो. टाचण्या आधीच खोक्याबाहेर ठेवल्या की उत्तर समोर दिसतं, आणि तेव्हा बक्षीसवाले जास्त वेगवान निघाले. पैसा सृजन मारतो असं काही त्यातून सिद्ध होत नाही. वाट दिसत असेल तर पैसा पळवतो. वाटच शोधायची असेल तर झापडं लावतो. चार्नेस आणि ग्रिएको यांच्या २०१९ च्या अभ्यासातही साधारण हाच सूर आहे: उद्दिष्ट स्पष्ट असलेल्या सृजनशील कामात मोबदल्यानं फरक पडला, मोकळं सोडलेल्या कामात पडला नाही.

---

मनमोकळी

माझा अनुभव (कंपनीचं नाव घेत नाही). आमच्याकडे मूल्यमापन सापेक्ष होतं. टीममध्ये क्रम लावायचा, वरच्यांना बोनस, खालच्यांना समज. त्या काळात कोणी कोणाला कोड दाखवत नसे. एखादा अवघड बग कसा सोडवला हे विचारलं तर 'बघतो' असं उत्तर यायचं. वर सगळे आपापल्या सोप्या कामांना धरून, कारण अवघडात हात घातला आणि फसलं तर क्रम घसरणार. म्हणजे ना बांधिलकी उरली ना नवनिर्मिती. यावर काही संशोधन आहे का?

---

अर्धविराम

आहे, आणि दोन्ही टोकांचं आहे.

कारपेंटर, मॅथ्यूज आणि शिर्म यांनी २०१० मध्ये लोकांना पाकिटांवर हातानं पत्ते लिहून पत्रं भरायचं काम दिलं. सगळ्यात जास्त आणि नीट काम करणाऱ्याला बक्षीस. पण कामाची मोजणी आणि दर्जा सहकाऱ्यांनीच तपासायचा. लोकांनी एकमेकांना बिनदिक्कत कमी गुण दिले. आणि असं होणार हे ओळखून काहींनी मुळातच कमी पाकिटं भरली. तुमचं 'बघतो' ते हेच.

दुसरं टोक: बान्दिएरा, बारांकाय आणि रसूल यांचा २००५ चा अभ्यास, इंग्लंडमधल्या शेतावर फळं तोडणाऱ्या मजुरांवरचा. आधी मजुरी गटाच्या सरासरीच्या तुलनेत ठरायची, म्हणजे एकानं जास्त तोडलं की बाकीच्यांचा दर पडणार. मग ती थेट तोडलेल्या वजनावर केली. सरासरी उत्पादकता किमान ५० टक्के वाढली. कारण पहिल्या पद्धतीत मजूर एकमेकांना सांभाळून हात आखडता घेत होते. गटात मित्र जास्त असले तर आणखीच. पण हे फक्त एकमेकांना बघता येत होतं तिथेच. उंच झाडोऱ्यामुळे शेजारचा दिसत नसे त्या पिकात असा आखडता हात आढळला नाही.

एकीकडे स्पर्धेनं बांधिलकी मोडली, दुसरीकडे बांधिलकीनं स्पर्धा. कोण जिंकणार हे कोण कोणाला बघतंय यावर ठरलं, हे मला फार आवडलं.

---

खडूस

फळांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, नोंद घ्यावी. बांधिलकी होती म्हणून काम कमी झालं.

---

टोचणी

खडूस यांना आणखी दारूगोळा देते, कारण या धाग्यावर बांधिलकीचा फारच गोड फोटो लागलाय.

पामेला जाकिएला आणि ओवेन ओझिअर यांचा पश्चिम केनियातल्या खेड्यांमधला अभ्यास, २०१६ मध्ये छापून आला. लोकांना ८० किंवा १८० शिलिंग दिले. त्यातले हवे तितके गुंतवायचे. निम्म्या शक्यतेनं पाचपट, नाहीतर बुडाले. काहींचा निकाल गुप्त ठेवला, काहींना तो सगळ्यांसमोर जाहीर करावा लागणार होता. जाहीर होणार असेल तेव्हा जास्त रक्कम मिळालेल्या बायका ८० च्या आतच गुंतवायच्या. का? उरलेले १०० कोणाला कळू नयेत म्हणून. बघणाऱ्याला वाटावं की हिला मुळात ८०च मिळाले होते. परतावा कमी झाला तरी चालेल, पण हात पसरणारे नकोत. हा परिणाम प्रेक्षकांत नातेवाईक असले की सगळ्यात तीव्र. काहींनी तर जाहीर करणं टाळण्यासाठी चक्क पैसे मोजले. लेखकांनी हिशोब मांडलाय की या बायका जणू कमाईवर ४ टक्के कर बसणार आहे अशा वागत होत्या. नात्याचा कर.

आता सांगा, अशा ठिकाणी कोण नवीन धंदा काढेल? वर आलं की वाटेकरी हजर.

---

दूरदर्शी

सुंदर चर्चा. पण बांधिलकी म्हणजे फक्त पैशांची वाटणी नाही, ज्ञानाचीही असते, म्हणून थोडं वेगळं वळण देतो.

ब्रुगमान, क्रोसेट्टो, मॉब आणि बिझर यांनी २०१६ मध्ये स्क्रॅबलसारखा एक खेळ रचला. शब्द बनवा, दुसऱ्याच्या शब्दात अक्षरं जोडून तो लांबवा. एका पद्धतीत शब्द सगळ्यांचा. दुसरीत शब्दाच्या मालकाला वापराचं शुल्क लावता येतं. शुल्क आलं तिथे एकमेकांच्या शब्दांवर चढून लांब शब्द बनवण्याचं प्रमाण घटलं आणि सगळ्यांची मिळून कमाईही घटली. प्रत्येकजण आपापलं छोटं कुंपण धरून बसला.

उलट बुद्रो आणि लाखानी यांचा जीवशास्त्रातल्या संगणकीय गणनेचा प्रयोग पाहा. प्रोग्रामरांची स्पर्धा, तीही खऱ्या प्रश्नावर. एका गटात प्रत्येकाचा कोड मधल्या टप्प्यावरच सगळ्यांना खुला, दुसऱ्यात शेवटी. मध्येच खुला केला तिथे भाग घेणारे आणि मेहनत दोन्ही कमी, पण चांगल्या कल्पना पटकन उचलल्या गेल्या आणि काम झपाट्यानं पुढे सरकलं. शेवटपर्यंत झाकून ठेवलं तिथे वेगवेगळ्या वाटा जास्त चोखाळल्या गेल्या. म्हणजे सरसकट खुलं किंवा सरसकट बंद असं उत्तर नाही. वाट सापडली असेल तर वाटून घ्या, सापडायची असेल तर थोडं झाकून ठेवा, असं मी वाचतो.

---

खडूस

हे चाललंय छान, पण माझा मूळ आक्षेप तसाच आहे. सरबत, शब्दखेळ, पाकिटं. प्रयोगशाळेबाहेर काय?

---

आकडेमोड

बाहेरची दोन.

वैद्यकीय संशोधन: अझुले, ग्राफ झिविन आणि मान्सो (तेच सरबतवाले) यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्रकारच्या निधीची तुलना केली. हॉवर्ड ह्यूज ही खासगी संस्था तेव्हा माणसाला पाच-पाच वर्षं पैसे द्यायची, मधल्या अपयशाकडे कानाडोळा करायची आणि बाहेर काढलं तरी एकदम तोडायची नाही. सरकारी एनआयएचचा (राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा) नेहमीचा निधी छोट्या मुदतीचा, ठरलेल्या प्रकल्पाला बांधलेला. पहिल्या गटाकडून गाजलेले पेपर बरेच जास्त आले. आणि साफ फसलेलेही जास्त आले. मला त्या दुसऱ्या आकड्यामुळे पहिल्यावर विश्वास बसतो.

फ्रान्स: २००२ च्या सुधारणेनंतर बेकारभत्ता मिळणाऱ्यानं धंदा काढला आणि तो बुडाला तर भत्त्याचा हक्क शाबूत राहील अशी सोय झाली. ओम्बेर, शोआर, स्रेर आणि तेस्मार यांनी मोजलं, नव्या कंपन्या निघण्याचं प्रमाण २५ टक्के वाढलं. आणि हे नवे धंदे जुन्यांपेक्षा जास्त बुडाले असंही झालं नाही.

---

खडूस

हॉवर्ड ह्यूजवाले मुळात निवडूनच हुशार घेतात. तिथे चिठ्ठ्या टाकून माणसं वाटलेली नाहीत.

---

आकडेमोड

बरोबर, तो प्रयोग नव्हे. तुलनेसाठी त्यांनी तरुणपणीच मानाच्या शिष्यवृत्त्या मिळालेले संशोधक घेतले, म्हणजे दुसरा गटही हुशारांचाच. शंका पूर्ण मिटत नाही, कमी होते.

---

रिकामटेकडा

अवांतर: जर्मनीच्या एकीकरणानंतर ओकेनफेल्स आणि वायमान यांनी तोच बांधिलकीचा खेळ पूर्व आणि पश्चिमेकडच्या विद्यार्थ्यांमध्ये खेळवला होता (१९९९ चा पेपर). समाजवादात वाढलेले जास्त देतील असं वाटतं ना? पूर्वेकडच्यांनी कमी दिलं. एकीकरणाला वीस वर्षं झाल्यावर पुन्हा पाहिलं, फरक तसाच.

---

अर्धविराम

@रिकामटेकडा, हे अवांतर नाहीच. टोचणी यांच्या केनियाशी जोडून पाहा. जिथे वाटणी वरून लादलेली किंवा नात्याच्या दडपणानं होते तिथे लोक लपवायला शिकतात.

@टोचणी, तुमचं उदाहरण माझ्या मुद्द्याला छेद देतं असं मला वाटत नाही, पण तो मुद्दा नीट बसवायला मदत करतं. केनियातली वाटणी यशावर बसते. जिंकलीस तर दे. हरलीस तर? त्याची हमी कोणी देत नाही. एडरर-मान्सोचा करार बरोबर उलटा आहे: आधी आपट, आम्ही सांभाळतो, नंतरचं यश मात्र बऱ्यापैकी तुझं. दोन्हीला आपण 'सांभाळून घेणं' म्हणतो, पण धोका घेऊ पाहणाऱ्याच्या दृष्टीनं त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

खडूस

आणि आळशी कोण आणि प्रामाणिकपणे हरलेला कोण हे ओळखणार कसं? अपयशाची हमी दिली की फुकटे येणारच. यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

---

टोचणी

हा प्रश्न रास्त आहे. ग्रेग फिशर यांनी भारतातल्या एका मोठ्या सूक्ष्मवित्त (गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या) संस्थेच्या कर्जदारांबरोबर प्रयोग केले, २०१३ मध्ये छापले. त्यात नेमकं हेच बघितलंय.

सामूहिक जबाबदारीचं कर्ज: एक बुडाला तर जोडीदारानं भरायचं. अपेक्षेप्रमाणे काही जण जोडीदाराच्या जिवावर धोका घेऊ लागले, त्याला काही मोबदला न देता. तुमचे फुकटे ते हेच. मग एकमेकांवर नजर ठेवायची सोय केली. तेव्हा काटा दुसऱ्या टोकाला गेला. जोडीदार धोका घेऊच देईना, आणि नफाही घसरला. तिसरी पद्धत भागीदारीसारखी: तोटा झाला तर दोघांचा, पण फायदा झाला तर त्यातही दोघांचा वाटा. दोन्ही दुखणी एकदम कमी झाली. सोबत्याला धोका मंजूर करायला कारण मिळालं.

म्हणजे देखरेख वाढवून फुकटे आवरले, पण त्याबरोबर धडपडणारेही आवरले गेले. नुसत्या तोट्याचा वाटेकरी पोलीस होतो.

---

अर्धविराम

आणि हे वर सांगितलेल्या कॅपेलन मंडळींच्या निकालाला फार छान जाऊन मिळतं. धोका घेणारे आपसात वाटून घ्यायला तयार असतात. सावध माणसाकडून काढून घेतलेलं कोणाला रुचत नाही. मग नव्या गोष्टी करून बघणाऱ्यांच्या अपयशाचा बोजा आधी त्याच गटानं आपसात उचलावा, जिंकणाऱ्याच्या वाट्यातून, आणि हे खेळ सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. नंतर हात पसरून नव्हे. मला तरी या सगळ्या पेपरांतून निघणारी ही सर्वात पटणारी रचना वाटते. फ्रान्ससारखी सरकारी हमी याच्या जोडीला, पाया म्हणून.

---

खडूस

आधी ठरलेलं असावं हे पटलं. 'पाया म्हणून सरकारी हमी' नाही पटलं. त्याचे पैसे सावध माणसाच्याच खिशातून जातात आणि तुमचाच कॅपेलन सांगतोय की त्याला ते रुचत नाही.

---

आकडेमोड

रुचत नाही हे खरं, पण तो निकाल 'हरलेल्याला उचलून द्या' याबद्दल आहे. आधीच काढलेल्या विम्याबद्दल नाही. फ्रान्समधल्या भत्त्यासाठी धंदा काढणाऱ्यानंही नोकरीत असताना हप्ते भरलेलेच होते. सावध माणूस आणि धाडसी माणूस हे दोन वेगळे कप्पे नसतात, बहुतेक जण आयुष्यात दोन्ही बाजूंना जाऊन येतात.

---

मनमोकळी

मला आता व्यावहारिक सांगा. आमच्याकडे (नवी नोकरी, नवा मॅनेजर, माणूस बरा आहे) नव्या कल्पनांसाठी योजना आखायला मलाच बसवलंय. चांगल्या कल्पनेला बक्षीस एवढाच आराखडा सध्या आहे.

---

आकडेमोड

बक्षीस वाईट नाही. गिब्ज, नेकरमान आणि झीमरोथ यांनी आशियातल्या एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत हे करून पाहिलं होतं, २०१७ चा पेपर. बक्षीस ठेवल्यावर कल्पनांचा दर्जा सुधारला आणि नवे लोक पुढे आले. तेव्हा ते राहू द्या, पण दोन गोष्टी जोडा. पहिली, प्रयोगाच्या पहिल्या टप्प्यातले आकडे वार्षिक मूल्यमापनात धरायचे नाहीत. दुसरी, कल्पना फसली तर जुन्या कामावर त्याच जागी परत येता येईल, हे लेखी. तोंडी आश्वासनावर सरबताची जागा कोणी बदलत नाही.

---

अर्धविराम

तिसरी माझी: बक्षिसाचा एक भाग त्या वर्षी प्रयत्न करून फसलेल्यांच्या नावे आधीच बाजूला काढा. क्रम मात्र लावू नका, पाकिटांचं काय झालं ते आठवा.

---

मनमोकळी

'फसलात तरी जागा शाबूत' असं एचआरकडून लेखी घ्यायचं म्हणजे तोच या योजनेतला सगळ्यात धोक्याचा प्रयोग :) सोमवारी मांडते. पहिला प्रश्न खडूस यांचाच येणार, फुकटे ओळखणार कसे, तेव्हा फिशरचा प्रयोग जरा सविस्तर लिहून द्या ना, @टोचणी.

---

टोचणी

रात्री लिहिते, वेगळा धागा काढून.